सकाळी आजारी, दुपारी ठणठणीत

“यंत्रमागाला खोकता येतं का?” मालकांनी विचारलं.

मी टाईप करत होते. बोटं थांबवून मी त्यांच्याकडं बघितलं. मालक थट्टा करत नव्हते. मालक म्हणजे नागनाथ मेरगू. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचा आठ मागांचा टॉवेलचा कारखाना होता आणि मी तिथं टायपिस्ट, हिशेबनीस, टेलिफोनवाली असं सगळंच होते.

“मल्लय्याला विचारते,” मी म्हणाले.

मल्लय्या आमचा जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्यानं प्रश्न नीट ऐकून घेतला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “खोकतंय की. बेल्ट ढिला केला की खोकतंय. शिंकायला मात्र येणार नाही.”

“शिंक नको,” मालक म्हणाले. “खोकला पुरे.”

ही दोन हजार नऊ सालातली गोष्ट. त्याच्या आदल्या पावसाळ्यात अमेरिकेत कुठल्या तरी मोठ्या बँका बुडाल्या. आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आमचे टॉवेल तिकडच्या हॉटेलांत जायचे. बँका बुडाल्यावर लोक हॉटेलात जाईनात, हॉटेलात गेले नाहीत तर अंघोळ करणार कुठं, आणि अंघोळच नाही तर टॉवेल कशाला? दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर रद्द झाल्याचा फॅक्स आला. सव्वीस माणसांतली अकरा राहिली, आठांतले तीन माग राहिले. त्या तीन मागांवर आम्ही अक्कलकोट-तुळजापूरच्या लॉजना लागणारे पातळ टॉवेल विणत होतो, एका अंघोळीत अंग पुसावं आणि दुसऱ्या अंघोळीत त्यातून पलीकडचं बघावं असे.

मग सरकारनं मंदीत सापडलेल्या कारखान्यांसाठी मदत जाहीर केली. योजना दोन होत्या. एक, आजारी उद्योगांना वाचवण्याची. दुसरी, वाढत्या उद्योगांना आणखी वाढवण्याची. आमच्या ओळखीतले एक सल्लागार म्हणाले, “दोन्ही भरा. एक तरी लागेल.” म्हणून मालकांनी दोन्ही भरल्या. पहिल्या अर्जात मी टाईप केलं की, सहा माग बंद असून उरलेले दोन अखेरच्या घटका मोजत आहेत. दुसऱ्या अर्जात टाईप केलं की, आठही माग जोरात असून जागा अपुरी पडते आहे. दोन्हींच्या खाली ‘वरील माहिती मी पडताळून पाहिली आहे’ अशी ओळ होती आणि दोन्हींवर माझी सही होती, सु. अं. यमूल.

सही मला करायची नव्हती. पण माझी आई तीस वर्षं विड्या वळत होती. सूप मांडीवर घेऊन बसलेली आई बघत मी टायपिंग शिकले होते, ते सूप माझ्या मांडीवर येऊ नये म्हणून. कारखाना बंद पडला तर आमच्यातल्या सगळ्या बायका तिकडंच जाणार हे सांगायची गरज नव्हती. मी सही केली.

आणि मग दोन पत्रं एकाच टपालात आली. आजारी योजनेचे अधिकारी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता तपासणीला येणार होते. वाढत्या योजनेचे अधिकारी त्याच मंगळवारी दुपारी तीनला.

“तारीख बदलून मागू या,” मी म्हणाले.

“लोकसभेची निवडणूक येतीय. आचारसंहिता लागली की सगळं अडकतं,” मालक म्हणाले. “अकरा ते तीन. चार तास आहेत. चार तासांत माणूस दवाखान्यातून बरा होऊन घरी येतो.”

तयारी आठ दिवस चालली. पेंटरकडून आमच्या जुन्या फिक्या पाटीच्या मागच्या बाजूला नवी झगझगीत पाटी रंगवून घेतली, म्हणजे नुसती उलटी केली की झालं. शेजारच्या बोल्लींच्या कारखान्यातून दुपारपुरते सूत गुंडाळलेले पाच बीम आणि चौदा माणसं उसनी ठरली. सकाळसाठी मल्लय्यानं मागांवर कापसाची धूळ पसरली आणि कोळ्यांची जाळी शोधून आणली.

राहिलं रडणं. ते राजेश्वरीअक्काकडं दिलं. अक्का शिलाई विभागाची मुख्य. आता त्या विभागात ती आणि एक मशीन एवढंच उरलं होतं. आमच्या पूर्वभागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या, कुठल्याही लग्नात अक्का रडायची, पाठवणीला सुरुवात व्हायच्या आधीपासून.

“अक्का, लग्नात रडतीस तसं रडायचं,” मालक म्हणाले.

“मुलीकडच्यासारखं का मुलाकडच्यासारखं?”

“मुलीकडच्यासारखं.”

“बरं.”

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना रिक्षातून एक सडपातळ गृहस्थ उतरले. नाव रणनवरे. खांद्याला दोन पिशव्या, एक काळी, एक तपकिरी. त्यांनी वर फिक्या पाटीकडं बघितलं, काळ्या पिशवीतून फॉर्म काढला आणि लिहायला सुरुवात केली.

मालकांनी त्यांना आत नेलं. मालकांनी त्या दिवशी मुद्दाम दाढी केली नव्हती. सहा माग जाळ्यांखाली झोपले होते. सातव्याजवळ गेल्यावर मल्लय्यानं बटण दाबलं. माग खडखडला, थांबला, परत खडखडला आणि खोल कुठून तरी ‘खॉक’ असा आवाज आला.

“याला काय झालंय?” साहेबांनी विचारलं.

“छातीत भरलंय, साहेब,” मल्लय्या म्हणाला.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग अक्कापाशी आले. अक्का मशीनपुढं हात टेकून बसली होती. मालकांनी पाठीमागून खूण केली. अक्कानं पदर तोंडाला लावला आणि हळूहळू, चांगल्या बेतानं सुरू केलं. दोन मिनिटं झाली. साहेबांनी मान हलवली, लिहिलं. मालकांनी ‘पुरे’ अशी खूण केली. अक्का थांबेना. तिनं मालकांकडं बघितलं, रिकाम्या सातआठ मशीनच्या जागांकडं बघितलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. साहेबांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. ती पाणी प्यायली आणि परत रडायला लागली.

साडेबारा वाजता तपासणी संपली. मालकांनी हात जोडले. “रिक्षा बोलावू का, साहेब?”

“नको. माझं पुढचं काम तीन वाजता आहे. तोवर इथंच टेकतो. ऊन फार आहे.”

मालकांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आजारपण दाखवायचा त्यांचा तो सकाळपासूनचा सगळ्यात चांगला प्रयत्न होता.

“सिद्धेश्वराचं देऊळ बघितलंय का?”

“पाच वेळा.”

“माझ्या मेव्हण्याच्या शेतावर हुरडा आहे. गाडी काढतो.”

“मला ज्वारी सोसत नाही,” रणनवरे म्हणाले आणि ऑफिसात माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी डबा उघडला.

मालकांनी मला दारात बोलावलं आणि कानात म्हणाले, “बोलत राहा. खिडकीकडं बघू देऊ नको.” आणि गेले.

मी आयुष्यात एवढं बोलले नव्हते. साहेबांचं गाव विचारलं, मुलं विचारली, मेथीची भाजी कुणी केली ते विचारलं. खिडकीबाहेरून एक हातगाडी गेली. तिच्यावर सुताचे दोन बीम होते.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“शेजारच्यांचं आहे.”

“शेजाऱ्यांचं काम जोरात दिसतंय.”

“हो साहेब.”

“आणि तुमच्या दारातून आत जातंय.”

“रस्ता तिकडूनच आहे.”

मग चौदा माणसं रांगेनं गेली. मग पाटी गेली, शिडी गेली, शिडीमागून दाढी केलेले मालक गेले. भिंतीपलीकडं एकेक माग सुरू व्हायला लागला. टेबलावरचा पेन थरथरत कडेला सरकू लागला.

“हाही शेजारचाच आवाज?”

“हो साहेब. पातळ भिंती आहेत.”

रणनवऱ्यांनी डबा धुतला, पुसला, काळ्या पिशवीत ठेवला. घड्याळ बघितलं. तीनला दोन मिनिटं होती. त्यांनी काळी पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली, तपकिरी खांद्याला लावली आणि बाहेर गेले. मी सुटकेचा श्वास टाकला. ते फाटकाबाहेर गेले, वळले, वर नव्या पाटीकडं बघितलं आणि परत आत आले.

फाटकाशी मालक हार घेऊन उभे होते.

“नमस्कार,” साहेब म्हणाले. “मी वाढत्या उद्योगांच्या योजनेकडून आलोय. रणनवरे.”

मालकांच्या हातातला हार तसाच राहिला. “साहेब, तुम्ही... सकाळी...”

“सकाळी आजारी योजनेचे अधिकारी येऊन गेले असतील. त्यांचा अहवाल गोपनीय असतो. त्यांना तो मलाही सांगता येत नाही.”

“पण ते तर तुम्हीच...”

“वाढत्या योजनेच्या साहेबांना मतदारयाद्यांच्या कामाला लावलंय. त्यांचा कार्यभार माझ्याकडं आहे,” रणनवरे म्हणाले. “चला, कारखाना दाखवा. मी पहिल्यांदाच येतोय.”

मालकांनी हार घातला. दुसरं काय करणार?

आठही माग धडधडत होते. बोल्लींची माणसं आमच्या मागांवर उभी होती आणि साहेब जवळ आले की जास्तच खुशीत दिसत होती. सातव्या मागापाशी साहेब थांबले. “याची तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत, साहेब,” मल्लय्या म्हणाला. “घोडा आहे घोडा.”

साहेबांनी तेही लिहून घेतलं. त्या कागदाकडं बघताना त्यांच्या ओठाची एक कड हलल्यासारखी वाटली, पण त्यांनी ती लगेच सरळ केली.

आणि मग आम्ही शिलाई विभागात पोहोचलो. अक्का अजून रडत होती.

“या बाई का रडताहेत?”

“आनंदाश्रू, साहेब,” मालक म्हणाले. “ऑर्डरी एवढ्या आल्यात की...”

साहेब ‘आनंदाश्रू’ लिहायला लागले. ‘श्रू’ कसा लिहायचा म्हणून क्षणभर थांबले असतील, तेवढ्यात अक्कानं नाक पुसलं.

“कसला आनंद,” ती म्हणाली. “सकाळी रडा म्हणले, रडले. आता हसा म्हणतेत. येईना, साहेब. सकाळचं खरं होतं ते. कालच मी घरी विडीचं सूप काढून धुऊन ठेवलंय. बारा वर्षं माळ्यावर होतं.”

कुणी तरी माग थांबवला. मग दुसरा थांबला. मला वाटत होतं माझ्यापुरतंच ते सूप आहे. अक्का माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवणारी. तिनं ते धुऊन वाळत घातलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं.

रणनवऱ्यांनी वही मिटली आणि माझ्याकडं वळले. “मॅडम, यमूल तुम्हीच ना? दोन्ही अर्जांवर सही तुमची आहे. पडताळून पाहिलंय म्हणता. खरा कुठला?”

मालक साहेबांच्या पाठीमागं उभे राहून मान हलवत होते. ती ‘हो’ची होती की ‘नाही’ची ते मला कळलं नाही. कळलं असतं तरी उपयोग नव्हता.

“दोन्ही खोटे आहेत,” मी म्हणाले. “आठ माग आहेत, तीन चालतात. अकरा माणसं आहेत. हे बीम शेजारचे आहेत, ती चौदा माणसंही. खोकणारा माग मुळात चांगला आहे.”

“बेल्ट ढिला केलेला,” मल्लय्यानं हळूच सांगितलं.

मालक टॉवेलच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. मला वाटलं, आता पोलीस. निदान नोकरी तरी गेलीच. साहेब मात्र कुठं बसावं ते शोधत होते. अक्कानं त्यांना स्टूल दिलं.

“पंचाईत आहे,” रणनवरे म्हणाले. आवाज एकदम थकलेला होता. “गेल्या पंधरा दिवसांत मी चाळीस कारखाने बघितले. सकाळी सगळे मरायला टेकलेले, दुपारी सगळे धष्टपुष्ट. काल एकानं मला कारखान्याचं प्रेत दाखवलं आणि चहा त्याच कारखान्यात केला. वरून रोज फोन येतो, पैसा वाटा, आचारसंहितेच्या आत वाटा. आणि आज पहिल्यांदा कुणी तरी खरा आकडा सांगितला.”

“मग द्या की आम्हाला,” अक्का म्हणाली.

“कसं देऊ? सहा माग बंद असतील तर त्या काळ्या पिशवीत फॉर्म आहे. आठ चालू असतील तर या तपकिरी पिशवीत आहे. तीन माग चालणाऱ्या कारखान्याचा फॉर्मच नाही माझ्याकडं.”

हे सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. अक्कानं त्यांच्याच बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांना दिलं.

“आणि आचारसंहिता लागल्यावर?” मी विचारलं.

“सगळं बंद. दोन महिने सरकारचा एक रुपया हलत नाही. मग पैसा हलतो तो फक्त प्रचारात.”

“प्रचाराला काय लागतंय?” अक्कानं विचारलं. तिचं रडं थांबलं होतं.

“काय लागणार? जीप, भोंगे, वडापाव. टोप्या. गळ्यात घालायची उपरणी.”

मल्लय्या सातव्या मागाकडं बघत होता. “टॉवेलावरचं ते दोऱ्याचं लूप काढलं,” तो म्हणाला, “की उपरणंच राहतंय.”

रणनवरे उठले, पिशव्या घेतल्या. जाताना ते म्हणाले, “हे मी ऐकलेलं नाही. मी फक्त तपासणीला आलो होतो.” थांबून म्हणाले, “दोन्ही वेळा.”

मालक त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अक्कानं मला माझ्या खुर्चीवरून उठवलं आणि आम्ही दोघी माझ्या लुनावर बसून पहिल्या पक्षाच्या कार्यालयात उपरण्यांची ऑर्डर मागायला गेलो. तिथं गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक माणूस बसला होता. त्यानं कारखाना केवढा आहे ते विचारलं नाही. “रंग उतरला तर पैसे मिळणार नाहीत,” एवढंच म्हणाला. अक्का म्हणाली, “निम्मे आधी दिले तर रंगाला जोर येतो.” त्यानं निम्मे आधी दिले. त्याच दिवशी आणखी दोन पक्ष झाले.

मग जे दीड महिना चाललं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. तीन मागांवर तीन पक्ष. खटाखट, खटाखट, शेजारीशेजारी. हवेत तिन्ही रंगांची तूस. घरी जाताना आमच्या केसांत तिन्ही पक्ष असायचे आणि आमचं मत कुणाला हे गल्लीत कुणालाही ओळखता यायचं नाही. मल्लय्या रोज कुठला माग किती मीटर पुढं आहे ते खडूनं भिंतीवर लिहायचा आणि बोल्लींची माणसं सुट्टीत येऊन त्यावर पैजा लावायची. काढून टाकलेल्या पंधरांपैकी सहा जणांना आम्ही परत बोलावलं.

एकदा सोन्याच्या साखळीवाला न सांगता आला. आपल्या पक्षाचं उपरणं बघायला वाकला आणि पलीकडच्या मागावरचा रंग बघून ताठ झाला. “हे काय? यांचंही तुम्हीच करता?”

“करतो की,” अक्का म्हणाली. त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, “पण तुमचं त्यांच्यापेक्षा जाड आहे.”

तो खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. त्यालाही तिनं तेच सांगितलं.

मालक हे सगळं बघत होते, सूत आणत होते, गाडी भरून देत होते. माझ्याशी कामापुरतं बोलत होते, नजर टाळून. ते रागावलेत की लाजलेत हे मला सांगता येईना, आणि विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. रोज संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, निवडणूक संपली की मला काढणार.

निवडणूक संपली. निकाल लागला. जूनमध्ये दोन लिफाफे आले. मालकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं.

रणनवऱ्यांनी दोन्ही अहवालांत तेच लिहिलं होतं: आठपैकी तीन माग चालू, अकरा कामगार. पहिलं पत्र म्हणत होतं की, तीन माग चालू असल्यामुळं आपला उद्योग आजारी समजता येत नाही. दुसरं म्हणत होतं की, पाच माग बंद असल्यामुळं आपला उद्योग वाढता समजता येत नाही. खाली दोन्हींवर ‘शुभेच्छांसह’.

मी पत्रं टेबलावर ठेवली. मालकांनी ती उलटी करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं.

“तू त्या दिवशी गप्प बसली असतीस,” ते म्हणाले, “तर एक तरी मिळालं असतं.”

“हो मालक.”

“सरकारच्या पैशानं मी आणखी चार माग घेतले असते.”

“हो.”

“बारा माग झाले असते आपले.” त्यांनी बोटानं टेबलावर बारा ठोके मोजले. मग विचारलं, “आणि त्यांवर विणलं काय असतं गं?”

चार महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलत होते. मी पत्रांची घडी घालत बसले.

“सुवर्णा.”

“हां मालक?”

“विधानसभा कधी आहे?”

“दिवाळीच्या आत,” मी म्हणाले.

मालक खुर्चीतून उठले, दारातून आत डोकावले आणि मागांच्या आवाजावर ओरडले, “मल्लय्या! चौथा माग पूस!”